परदेशात सायकॉलॉजीची पदवी: पाटीवर काय लिहिता येईल?

ब्रिटनमध्ये दारावर ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी कुणीही लावू शकतं. त्याला पदवी लागत नाही, परवाना लागत नाही. पण त्याच पाटीवर त्या शब्दाआधी ‘क्लिनिकल’ हा एक शब्द वाढवला, आणि सरकारमान्य नोंदवहीत तुमचं नाव नसलं, तर तो गुन्हा ठरतो. २००९ पासून तिथे एचसीपीसी ही नियामक संस्था असे काही शब्द राखून ठेवते: क्लिनिकल, काउन्सेलिंग, एज्युकेशनल, फॉरेन्सिक, हेल्थ, ऑक्युपेशनल, आणि खेळाडूंसोबत काम करणारा स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट. ऑस्ट्रेलियात नियम आणखी कडक आहे, तिथे नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्दही नोंदणीशिवाय लावता येत नाही. भारतात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, हिच्याकडे नोंदणी लागते.

बारावीनंतर सायकॉलॉजीसाठी बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलताना मी या पाटीपासूनच सुरुवात करते. कारण बहुतेकांच्या मनात हिशोब असा असतो: तीन वर्षं, पदवी, मग दवाखाना. तो हिशोब जगात जवळपास कुठेच जुळत नाही. तीन वर्षांची पदवी म्हणजे गावाबाहेरचा फाटा, तिथून रस्ते फुटतात. कुठला रस्ता परदेशी विद्यार्थ्याला मोकळा आहे आणि कुठला बंद, हे फाट्यावर पोचल्यावर कळलं तर फार महाग पडतं. म्हणून आधी शेवटची पाटी ठरवायची आणि तिथून मागे मागे यायचं.

आणखी एक गल्लत आधीच सोडवून टाकू, कारण मराठीत ती रोज होते. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएस करून मग मानसोपचारात एमडी किंवा तत्सम शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधं लिहून देतात. सायकॉलॉजिस्ट वैद्यकीय डॉक्टर नसतो. सायकॉलॉजीची पदवी कितीही मोठ्या विद्यापीठातून घेतली तरी ती त्या वाटेला जात नाही. मुलीला ‘मनाची डॉक्टर’ व्हायचं असेल आणि तिच्या डोळ्यांपुढे औषधं, वॉर्ड, राउंड असं चित्र असेल, तर तिची वाट नीटमधून जाते.

मी ही पदवी इंग्लंडमध्ये केली, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः तिथलंच सांगते.

शिक्का कुठला बघायचा

ब्रिटनमध्ये सायकॉलॉजी या नावाने शेकड्यांनी अभ्यासक्रम चालतात. काहींत ती एकटी असते, काहींत गुन्हेगारीशास्त्र, समाजशास्त्र किंवा मार्केटिंगसोबत जोडलेली. नावावर जाऊ नका. बघायची गोष्ट एकच: अभ्यासक्रमाला ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची, म्हणजे बीपीएसची, मान्यता आहे का. ही संस्था १९०१ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सुरू झाली आणि १९६५ मध्ये तिला शाही सनद मिळाली. तिने मान्य केलेली पदवी किमान ‘टू-टू’ या श्रेणीत (तिथले ५० ते ५९ गुण) पूर्ण केली आणि शेवटच्या वर्षाचा संशोधन प्रकल्प पास झाला, की जीबीसी नावाची पात्रता मिळते. पुढच्या जवळपास प्रत्येक व्यावसायिक प्रशिक्षणाच्या दारावर ‘जीबीसी आहे का?’ हा प्रश्न विचारला जातो. जोड-पदवीत मान्यता असतेच असं नाही, आणि कधीकधी ती ठरावीक विषय निवडले तरच मिळते. प्रवेश घेण्याआधी हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. फोनवरच्या गोड आवाजावर विसंबू नये.

मान्यता आहे म्हणजे अभ्यासात काही गोष्टी असणारच: मेंदू आणि शरीर, स्मृती-लक्ष-भाषा यांचं बोधात्मक मानसशास्त्र, बालपणापासूनची वाढ, माणूस गर्दीत कसा वागतो, व्यक्तिमत्त्व आणि बुद्धिमत्तेतले फरक, या शास्त्राचा इतिहास. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तिन्ही वर्षं पाठ न सोडणारी, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र.

‘मला माणसांशी बोलायला आवडतं, गणित नको म्हणून सायकॉलॉजी घेतेय’ असं सांगणारी मुलगी भेटली की माझा जीव खरंच तुटतो. हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

आजीची भाकरी आणि संख्याशास्त्र

इथे जरा थांबू, कारण या पदवीचा कणा इथे आहे आणि तो समजला की भीती निम्मी होते.

समजा आजी म्हणते, ‘चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी मी डोळे मिटून ओळखते.’ खरं की नाही, कसं ठरवायचं? एकच तुकडा देऊन विचारलं तर नाणेफेकीसारखी निम्मी शक्यता तिच्या बाजूने आहेच. म्हणून आठ तुकडे घेऊ, चार चुलीवरचे, चार गॅसवरचे. सरमिसळ करून देऊ आणि चुलीवरचे चार वेगळे काढायला सांगू. आठांतून चार निवडायचे एकूण ७० प्रकार होतात. त्यातला अगदी बरोबर एकच. म्हणजे आजीला काहीही कळत नसेल, ती नुसतं ठोकून देत असेल, तरी सगळं बरोबर यायची शक्यता ७० मध्ये १. दीड टक्क्याहूनही कमी. तिने चारही बरोबर काढले, तर ‘नशीब असेल’ म्हणणं आपल्याला जड जातं. संशोधनात ज्याला ‘पी व्हॅल्यू’ म्हणतात ती हीच: खरं तर काहीच फरक नाही असं धरलं, तर इतका किंवा याहून ठळक निकाल निव्वळ योगायोगाने यायची शक्यता किती.

आता आजीची एक चूक झाली, चारातले तीनच बरोबर आले, असं धरा. घरचे टाळ्या वाजवतील. पण तीन किंवा त्याहून अधिक बरोबर यायचे ७० पैकी १७ प्रकार आहेत, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. नुसत्या अंदाजाने चार आज्यांतली एक हे करून दाखवेल. यावरून काहीही सिद्ध होत नाही. एका तुकड्याच्या चुकीने दीड टक्क्याचे चोवीस टक्के होतात, हे कागदावर पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा वर्तमानपत्रातली ‘संशोधन सांगते की…’ ही बातमी मी पुन्हा पूर्वीसारखी वाचू शकले नाही.

हा प्रयोग मूळचा चहाचा आहे. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात तो मांडला. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं असं एका बाईंचं म्हणणं होतं.

वर्गात हेच तुम्ही एसपीएसएस किंवा आर या सॉफ्टवेअरमध्ये करता. बारावीला गणित नव्हतं म्हणून अडतं असं नाही. गुणाकार-भागाकार यंत्र करतं. तुम्हाला प्रश्न नीट विचारता यायला हवा आणि निकालावर कितपत भरवसा ठेवायचा ते कळायला हवं. याची किंमत या शास्त्राने स्वतः मोजली आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातली १०० प्रकाशित संशोधनं पुन्हा करून पाहिल्याचा निकाल जाहीर झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निकाल होता, पुन्हा करताना तो फक्त ३६ टक्क्यांत मिळाला. तेव्हापासून पहिल्याच वर्षात शिकवलं जातं की प्रयोगाआधी आपला अंदाज लिहून नोंदवा, माहिती खुली ठेवा, लहान नमुन्यावर उडी मारू नका. आपल्या चुका उघड करून शिकवणारं शास्त्र शिकायला मिळणं, हे मला या पदवीचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

५८ गुणांचं दुःख

पहिल्या निबंधाला मला ५८ मिळाले. घरी सांगायची हिंमत होईना. आपल्याकडे ५८ म्हणजे शेजारीसुद्धा हळू आवाजात बोलतात. तिथली मोजपट्टी निराळी आहे. ७० च्या वर ‘फर्स्ट’, ६० ते ६९ ‘टू-वन’, ५० ते ५९ ‘टू-टू’, आणि ४० ला पास. ७५ मिळाले तर प्राध्यापक नाव घेऊन बोलतात, ९० मी कधी पाहिले नाहीत. मात्र पुढच्या शिक्षणासाठी बहुतेक ठिकाणी ‘टू-वन’ मागतात, तेव्हा ५८ वर समाधान मानूनही चालत नाही. इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरत नाहीत, फक्त पास व्हावं लागतं. परदेशी विद्यार्थ्याला ही मोठी सवलत आहे. ते वर्ष पडण्या-धडपडण्यासाठीच आहे असं समजावं.

कारण पडणं होतंच. आपण उत्तर लिहायला शिकलेलो असतो, तिथे मत मांडायला सांगतात, तेही पुराव्यानिशी. वरून हुकूम आला की माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देत राहतो का, हे पाहणारा मिलग्रमचा प्रयोग काय होता हे लिहिलं की आपल्याला वाटतं झालं. त्यांचा प्रश्न तिथून सुरू होतो: मग काय? त्या प्रयोगात काय खटकतं? दुसरा अर्थ लागतो का? आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं, जे इथे कधीकधी ‘पाठांतर चांगलं आहे’ म्हणून खपतं, ते तिथे वाङ्मयचौर्य ठरतं.

आठवड्याला वर्ग साधारण दहा-पंधरा तासच असतात. आईवडिलांना वाटतं, एवढी फी आणि एवढेच तास? बाकीचा वेळ शोधनिबंध वाचण्यात जातो, आणि वरिष्ठांच्या प्रयोगांत सहभागी होण्यात, कारण अनेक विभागांत त्याचे श्रेयांक सक्तीचे असतात. अंधाऱ्या खोलीत बसून पडद्यावरचे ठिपके मोजण्यात मी कित्येक दुपारी घालवल्या. तिसऱ्या वर्षी माझ्या प्रयोगासाठी माणसं हवी होती तेव्हा त्या दुपारींचं मोल कळलं.

‘मन लागत नाही’चं इंग्रजी काय?

मराठी घरातून गेलेल्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट असते जी वर्गातल्या बहुतेकांकडे नसते, आणि ती वापरायला त्याला कुणी सांगत नाही.

२००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी अमेरिकेतल्या आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांची झडती घेतली. ज्या लोकांवर संशोधन झालं त्यातले सुमारे ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, आणि त्या देशांत जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नमुन्याला ‘विअर्ड’ असं चपखल नाव दिलं. पाश्चात्त्य, शिकलेले, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाहीतले, या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. म्हणजे पाठ्यपुस्तकात ‘माणूस’ असं लिहिलेलं असतं तिथे अनेकदा अमेरिकेतला कॉलेजचा विद्यार्थी अभिप्रेत असतो.

नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा पहिला प्रश्न गोष्टी करण्यातला रस किंवा आनंद कमी झाला आहे का, असा आहे. माझ्या मावशीला हे विचारलं तर ती म्हणेल, ‘मन लागत नाही गं कशात.’ पण सासरी नवीन आलेली मुलगीही हेच म्हणते, सुट्टीत कंटाळलेलं पोरही हेच म्हणतं. उलट ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतं’ अशी शरीरातून बोलणारी तक्रार त्या नऊ प्रश्नांत नीट बसत नाही. ‘हुरहूर’ हा शब्द तर मी सेमिनारमध्ये दहा मिनिटं समजावत होते. चिंता नाही, दुःख नाही, वाट पाहणंही नाही, तरी तिन्हीचं काहीतरी आहे. त्या दिवशी शिक्षकांनी फळ्यावर रोमन लिपीत तो शब्द लिहिला आणि विचारलं, हे मोजायचं कसं?

प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणायचं, आणि दोन्ही ताडून पाहायची, ही रीत आता सर्वमान्य आहे. दोन भाषांत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे काम हातचं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला विषय सुचत नसेल, तर इथे खणावं. नीतिमान्यता समितीची परवानगी मात्र आधी घ्यावी लागते, नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवून मग सांगायचं असं चालत नाही.

पैसा आणि व्हिसा

इंग्लंडमध्ये २०२५-२६ साली स्थानिक विद्यार्थ्याची वार्षिक फी कमाल ९,५३५ पौंड होती. आपल्याला ती मर्यादा लागू नाही. सायकॉलॉजीला बऱ्याच ठिकाणी वर्षाला २० ते ३० हजार पौंड पडतात, नामांकित विद्यापीठांत त्याहून जास्त. पौंड शंभर रुपयांच्या वर आहे, बाकीचा गुणाकार घरी बसून करावा. फीशिवाय आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा व्हिसाच्या अर्जासोबत एकदम भरायचा. नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचे पैसे सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, पण त्यातून फी निघेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवी चार वर्षांची असते, हेही हिशोबात धरा.

अर्ज यूकास या तिथल्या सामाईक प्रवेशव्यवस्थेमधून होतो, पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, बाकीच्यांची जानेवारीच्या मध्यावर. २०२६ च्या प्रवेशापासून जुन्या सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. बारावीचे गुण विद्यापीठं बोर्डाप्रमाणे वेगळे मोजतात. सीबीएसई आणि आयएससीला एक आकडा, महाराष्ट्र बोर्डाला अनेकदा त्याहून वरचा, कुठे कुठे आधी फाउंडेशनचं वर्ष. काही ठिकाणी एखादा विज्ञान विषय मागतात. शाखा कला असेल तर हे अकरावीतच बघून ठेवा.

फाट्यानंतर

पदवी हाती आल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर दोन वर्षं राहून काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दीड वर्षच मिळणार आहे. या काळात मनोरुग्णालयात मदतनीस, शाळेत सहायक, संशोधन सहायक अशी कामं मिळतात. शिकतानाच ‘नाइटलाइन’सारख्या, विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या रात्रीच्या फोनसेवेवर प्रशिक्षण घेऊन बसलं, तर ऐकायचं कसं हे कुठल्याही व्याख्यानाहून जास्त कळतं. पण त्यानंतर कामाच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांची आहे. नवपदवीधरांना ती काहीशी कमी होते, तरीही या क्षेत्रातल्या पहिल्या नोकऱ्या सहसा तिच्या खालीच असतात.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. तिच्या बहुतेक जागांचा खर्च सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, उचलते आणि त्या जागा साधारणपणे स्थानिक म्हणून गणल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असतात. मोजक्या विद्यापीठांत स्वखर्चाने परदेशी विद्यार्थी घेतात. सगळ्यात आधी कळायला हवी ती गोष्ट हीच, आणि शिक्षण मेळाव्यातल्या माहितीपत्रकात मला ती कधी दिसली नाही. काउन्सेलिंग, हेल्थ किंवा ऑक्युपेशनल या वाटा त्या मानाने मोकळ्या आहेत, खर्च मात्र स्वतःचा.

म्हणून एक दुसरी वाटही सांगते. पुण्या-मुंबईत सायकॉलॉजीची पदवी करून नंतर बाहेर जाता येतं. बीपीएस परदेशी पदव्यांची एकेक तपासणी करून जीबीसी देते. तपासणीत कमी पडलं, किंवा पदवीच दुसऱ्या विषयाची असली, तर एका वर्षाचा ‘कन्व्हर्जन’ एमएससी अभ्यासक्रम तीच पात्रता मिळवून देतो. ज्या घराला तीन वर्षांची परदेशी फी म्हणजे शेत किंवा फ्लॅट गहाण ठेवणं आहे, त्यांनी ही वाट आधी बघावी असं माझं ठाम मत आहे. सतराव्या-अठराव्या वर्षी बाहेर जाण्याने मिळतं ते खूप आहे, मला ते मिळालं. पण ते कर्जाच्या ओझ्याखाली घेतलं तर त्यातलं निम्मं हातातून निसटतं.

परत येऊन भारतात क्लिनिकल काम करायचं असेल, तर ब्रिटिश बीएससी पुरत नाही. आरसीआयने मान्य केलेलं प्रशिक्षण इथे घ्यावं लागतं, आणि त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे. परदेशी पदवीची समकक्षता पूर्वी भारतीय विद्यापीठ संघ ठरवत असे, त्यासाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये स्वतःचे नियम काढले. कुणीही तपासायला बसलं की नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही, कुठल्या विषयात काय शिकवलं हे विचारतात. विद्यापीठाने दिलेलं ऑनलाइन खातं पदवीनंतर बंद होतं आणि जुने अभ्यासक्रम संकेतस्थळावरून जातात. माझ्या बॅचमधल्या एकीला चार वर्षांनी एका विषयाचं माहितीपत्रक मिळवायला विभागाला अकरा ईमेल करावे लागले. प्रत्येक सत्राच्या शेवटी प्रत्येक विषयाची हँडबुक, तासांचा तपशील आणि गुणपत्रक उतरवून घ्या, आणि त्याची एक प्रत घरी आईच्या ईमेलवर पाठवून ठेवा.